दख्खनची द्राक्षवेल आणि दोन छाटण्या

युरोपात थंडीने द्राक्षवेलीची पानगळ होते, वेल विश्रांती घेते आणि वसंतापूर्वी एकदा छाटली की वर्षाचे काम भागते. दख्खनच्या पठारावर तेवढी थंडी पडत नाही. वेल बारमाही हिरवी राहते. चौदाव्या शतकात दौलताबादेला आलेल्या इब्न बतूताने इथली द्राक्षे वर्षातून दोनदा फळतात असे नोंदवले, ते त्यामुळेच. मात्र पावसाळी बहार आंबट निघे. गोडी उतरे ती हिवाळ्यानंतरच्या बहारात.

बागायतदारांनी काढलेली वाट विलक्षण शहाणपणाची आहे: बहार एकच घ्यायचा, छाटणी मात्र दोनदा करायची. एप्रिलमधल्या खरड छाटणीत ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या कायम आडव्या फांदीवर, एकदोन डोळे राखून बाकी काडी काढून टाकतात. नव्या फुटीच्या डोळ्यांत पुढच्या ४० ते ६० दिवसांत सूक्ष्म घड घडतो. त्या काळात ऊन कमी पडले तर काडी वांझ राहते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत पक्व काडी फळधारक डोळ्याच्या पुढे कापतात, की घड बाहेर पडतो आणि साधारण चार महिन्यांत माल तयार होतो. कुंडीत लावून अंगणातल्या मांडवावर चढवलेल्या वेलीलाही हेच लागू. नुसता पाला माजतो, तेव्हा बहुधा छाटणीच चुकलेली असते.

एकोणिसाव्या शतकात नाशिककडच्या वेली पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवत. भोकरी, फकडी, साहेबी हे तेव्हाचे बियांचे वाण. १९६०नंतर थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात पसरली आणि आधारही बदलला. तिच्या काडीच्या बुडाचे डोळे सहसा फळत नाहीत. काडी लांब राखावी लागते, म्हणून सुमारे सात फूट उंचीचे तारांचे मांडव उभे राहिले. थॉमसनमधूनच सांगलीच्या बोरगावात वसंतराव आर्वे यांना तास-ए-गणेश, तर सोलापूरच्या नान्नजला नानासाहेब काळे यांना सोनाका हा वाण गवसला.

पुढे क्षारपड जमीन आणि पाणीटंचाईमुळे बागायतदार डॉगरिज या मूळखुंटावर कलमे बांधू लागले. फवारणी आणि हवा आतपर्यंत पोचावी म्हणून अनेकांनी मांडव सोडून ‘वाय’ आकाराचा सांगाडा घेतला. छाटणीची तारीखही बाजाराकडे सरकली: नाशिकच्या बागलाणात आगाप मालासाठी जुलै-ऑगस्टपासूनच गोडी छाटणी करतात आणि ऐन पावसात केवडा या बुरशीजन्य रोगाशी झुंजतात.