एम ८१ गटातील वायुसेतू

सप्तर्षी तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या दीर्घिकांच्या लहान गटात आढळणारे उदासीन हायड्रोजनचे पट्टे. सर्पिल दीर्घिका एम ८१ ही गटात सर्वांत वजनदार; एम ८२ आणि एनजीसी ३०७७ या तिच्या लहान शेजारणी. पहिल्या दोन योहान एलर्ट बोडे यांनी १७७४ मध्ये नोंदल्या. छायाचित्रांत तिघी सुट्या दिसतात आणि मधली जागा जवळजवळ रिकामी वाटते. रेडिओ वेधांनी हा समज पार मोडीत काढला.

हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉनच्या आभ्रामाची दिशा प्रोटॉनच्या तुलनेत उलटली की २१ सेंमी. तरंगलांबीचे प्रारण बाहेर पडते. एका अणूच्या बाबतीत हे सरासरी कोटीभर वर्षांतून एकदा घडते. पण अणूच इतके अफाट असतात की संदेश पृथ्वीवर पोचतो. वारंवारतेतील डॉप्लर बदलावरून वायूचा वेगही कळतो. कोणता पट्टा कोणत्या दीर्घिकेतून निघाला, याचा माग त्यामुळेच लागतो. खोडद येथील जीएमआरटी ही दुर्बीणही या रेषेचे वेध घेते.

तिघींना जोडणाऱ्या वायूची चाहूल १९७० च्या दशकातच लागली होती. मात्र डोळ्यांत भरेल असा नकाशा १९९४ मध्ये मिन युन, पॉल हो आणि के. वाय. लो यांनी न्यू मेक्सिकोतील व्हेरी लार्ज ॲरेच्या साहाय्याने प्रसिद्ध केला. त्यात एम ८१ पासून दोन्ही शेजारणींपर्यंत लांबच लांब सेतू व शेपट्या उमटल्या. वायूची तबकडी ताऱ्यांच्या तबकडीबाहेर दूरवर पसरलेली असते आणि तिच्या कडेवर गुरुत्वाची पकड सैल असते. म्हणून शेजारणीच्या भरतीबलाने आधी वायूच ओढला जातो. संगणकीय प्रतिकृतींनुसार या दीर्घिका २० ते ३० कोटी वर्षांपूर्वी एम ८१ च्या अगदी जवळून गेल्या.

एनजीसी ३०७७ चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तिच्या परिसरातील बहुतांश हायड्रोजन तिच्या अंगावर नाहीच. तो पूर्वेकडील शेपटीत साचला आहे आणि तिथे कार्बन मोनॉक्साइडचे वेध घेतल्यावर रेणवीय वायूही सापडला. एम ८२ च्या गाभ्यात चाललेल्या तारानिर्मितीच्या धडाक्याचे मूळही याच ओढाताणीत मानले जाते. एम ८१ जवळच्या होल्मबर्ग ९ या खुज्या दीर्घिकेत तरुण ताऱ्यांचा भरणा आहे. ती ओढलेल्या वायूतूनच जन्मली असावी, हे मत पटण्याजोगे आहे.

वेधांत दोन अडचणी येतात. अनेक तबकड्यांच्या जोडदुर्बिणीला विरळ, दूरवर पसरलेला वायू नीट टिपता येत नाही. त्यासाठी ग्रीन बँकसारख्या एकाच मोठ्या तबकडीच्या दुर्बिणीची जोड लागते. दुसरी अडचण अधिक चिवट आहे. एम ८१ चा आपल्या सापेक्ष वेग इतका कमी आहे की आपल्याच आकाशगंगेतील हायड्रोजन काही वेगपट्ट्यांत तिच्या वायूवर येऊन बसतो. त्या पट्ट्यांतला प्रत्येक फिकट धागा या गटाचाच आहे, असे धरून चालू नये.