जुन्या मोटारीसाठी एअर फिल्टर निवडताना

गोव्यातील कित्येक घरांच्या अंगणात एखादी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडर अजूनही जिव्हाळ्याने सांभाळलेली आढळते. अशा गाडीच्या रंगावर आणि क्रोमच्या बंपरवर मुक्तहस्ते खर्च होतो. एअर फिल्टर मात्र दुकानात मिळेल तो बसवला जातो. वास्तविक कार्बोरेटरच्या इंजिनात फिल्टरचे काम धूळ अडवण्यापुरते नसते. तो हवेला किती अटकाव करतो, यावर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाणही अवलंबून असते.

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. मिनिटाला ४००० फेरे घेताना ते सुमारे १७०० लिटर हवा ओढते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास साधारण १४.७ किलो हवा लागते. आधुनिक गाडीत सेन्सर हवेचा अंदाज घेतो आणि त्यानुसार पेट्रोल सोडले जाते. कार्बोरेटरपाशी असा हिशेबनीस नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना दाब घटतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येते. फिल्टर चोंदला की ओढ वाढते, पेट्रोल जास्त येते, प्लग काळे पडतात आणि अ‍ॅव्हरेज घसरते. उलट फार मोकळा फिल्टर लावल्यास पेट्रोल अपुरे पडून गाडी अडखळते. मग मेन जेट बदलावा लागतो. फ्लोट चेंबरचे वायुछिद्र फिल्टरच्या आतल्या बाजूस उघडत असेल, तर हा फरक बऱ्याच अंशी आपोआप भरून निघतो. म्हणून खरेदीपूर्वी ते छिद्र कोठे उघडते, हे पाहावे.

जुन्या जीपगाड्यांत तेलाचा फिल्टर असे. हवा तेलावरून झटकन वळते, जड कण तेलात पडतात आणि उरलेली धूळ ओल्या जाळीला चिकटते. तो धुऊन पुन्हा वापरता येतो, पण इंजिन संथ चालत असताना बारीक धूळ निसटते. खुणेपेक्षा अधिक तेल भरले, तर ते थेट इंजिनात ओढले जाते. फोमचा फिल्टर स्वस्त असला तरी वर्षे आणि पेट्रोलची वाफ यांनी तो विरतो आणि त्याचे तुकडे कार्बोरेटरमध्ये जातात. तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर मोकळा श्वास घेऊ देतो. मात्र अतिबारीक धूळ अडवण्यात चांगला घडीचा कागदच सहसा सरस ठरतो.

आपल्याकडे हा मुद्दा निर्णायक आहे. डिचोली, सांगे, धारबांदोडा या भागांतील खनिजाच्या रस्त्यांवरची लाल धूळ अत्यंत बारीक असते. पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामधील तेलाचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा. त्यात शिरलेला कठीण कण सहाणेसारखा घासत राहतो. इंजिन ऑइल खाऊ लागते, आणि जुन्या गाडीचे अस्सल सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. त्यामुळे नेहमी वापरातल्या गाडीला, मूळ डबा कायम ठेवून, योग्य मापाचा कागदी फिल्टर हीच आमच्या मते सुज्ञ निवड होय. पावसाळ्यात मात्र तो वरचेवर तपासावा. भिजलेला कागद हवा अडवतो.

डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवण्याची हौस अनेकांना असते. आवाज दमदार येतो, हे खरे. पण त्यातून बोनेटखालची तापलेली हवा आत जाते. ३० अंशांऐवजी ६० अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. म्हणजे वाढलेली शक्ती तेथेच खर्ची पडते. शिवाय इंजिनाच्या श्वासनळीची जोडणी डब्यालाच असते आणि बॅकफायरची ज्वाळाही डबाच रोखतो. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांवरील एसयू कार्बोरेटरच्या तोंडाशी बारीक छिद्रे असतात. गास्केट उलटे बसून ती झाकली गेली, तर आतला पिस्टन नीट वर उचलला जात नाही.

नवा फिल्टर घेताना बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि उंची ही तिन्ही मापे जुन्याशी ताडून पाहावीत. रबरी कड डब्यात सर्व बाजूंनी दाबून बसायला हवी. पुढे पाच-सातशे किलोमीटर चालल्यावर इंजिन बंद करून डबा उघडावा आणि कार्बोरेटरच्या तोंडात आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. त्यावर लालसर डाग उमटला, तर फिल्टर कितीही महागाचा असो, धूळ कडेने आत जात आहे.