फुग्याने शिकवलेला उपग्रह

आम्ही चारकोपकर पावसासाठी कुलाब्याच्या नव्हे, सांताक्रूझच्या आकड्याकडे पाहतो. २६ जुलै २००५ च्या पावसात चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंद झाली, कुलाब्याला जेमतेम ७३. कल्पना-१ आणि इन्सॅट-३ए तेव्हा ढगांची छायाचित्रे पाठवत होते. पण हवेचे तापमान आणि बाष्प थरवार मोजणारा साउंडर त्यांच्यावर नव्हता. तो भारताच्या भूस्थिर उपग्रहावर आला इन्सॅट-३डीसोबत, २६ जुलै २०१३ रोजी. तारीख तीच, हा निव्वळ योगायोग.

यामागची कल्पना मात्र १९५९ सालची, लुईस कॅप्लन यांची. कार्बन डायऑक्साइड १५ मायक्रॉनच्या आसपास अवरक्त किरण शोषतो आणि सोडतो. जिथे शोषण तीव्र, तिथले किरण वरच्या थरातून येतात. जिथे सौम्य, तिथले खालून. वेगवेगळ्या तरंगलांबी मोजल्या की उंचीनुसार तापमान काढता येते. १९६९ मध्ये निंबस-३ ने हे करून दाखवले.

अडचण एकच: किरणांचे तेच मोजमाप हवेच्या अनेक रचनांतून येऊ शकते. म्हणून आधी एक अंदाज धरायचा, त्यावरून किरण किती यावेत हे काढायचे आणि ताळा जमेपर्यंत अंदाज दुरुस्त करायचा. २००२ मध्ये ॲक्वा उपग्रहावर गेलेल्या एअर्स उपकरणाला तब्बल २३७८ वाहिन्या होत्या. त्याच्या सहाव्या आवृत्तीपासून हा पहिला अंदाज न्यूरल नेटवर्क देऊ लागले.

पण हे यंत्र शिकते कशावरून? किरणांची मोजमापे आणि त्या वेळची हवा, अशा असंख्य जोड्यांवरून. ती हवा कळते हवामान फुग्यांच्या नोंदींतून आणि त्यांचा आधार घेणाऱ्या संगणकीय विश्लेषणांतून. जे दिवस त्या नोंदींत विरळ, तिथे यंत्राचा कल सरासरीकडे झुकतो. ९४४ मिलिमीटरचा दिवस सरासरीत बसत नाही. शिवाय दाट ढगाखालचे अवरक्त किरण वर पोहोचतच नाहीत. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी ही नजर अधू होते. तिचा खरा उपयोग ढग दाटण्याआधीच्या तासांत.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण ते शीत त्याच भातातले असावे लागते. उपग्रह आले, आता फुगे कशाला, हा हिशेब म्हणूनच मला पटत नाही. उपनगरावरची हवा फुग्याने मोजायचे आपण थांबवले, तर उद्याचे यंत्र आपल्या पावसाविषयी दुसरीकडच्या हवेवरून बोलेल.