सात जणींपैकी कुठली?

आजीची पत्रं आशीर्वादाने सुरू व्हायची आणि खोबऱ्याने संपायची. निळा एरोग्राम, बाळबोध अक्षर, कडेची पट्टीसुद्धा रिकामी सोडलेली नाही. ‘अनेक आशीर्वाद वि. वि.’ मग दिमोनातली थंडी, धाकट्याची नोकरी, आजोबांचा गुडघा, आणि शेवटी: कुणी येणारं असेल तर सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या नि शेरभर जाड पोहे धाड. आई ते पत्र दोनदा वाचायची. एकदा मनात, एकदा आम्हाला मोठ्याने. मोठ्याने वाचताना ती काही ओळी गाळायची, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत. गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनावं झाली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. 1948 च्या सुमारास देशात आमची वीसेक हजार माणसं होती. त्यांतली बहुतेक पुढच्या दोन-तीन दशकांत इस्राएलला गेली. आजी 1963 साली गेली, आजोबा आणि तीन धाकटी मुलं घेऊन. थोरली मुलगी ठाण्यात दिलेली, म्हणून ती राहिली. ती माझी आई.

इथून कुणी हाकललं नव्हतं. “हाकललं असतं तर बरं झालं असतं गो,” आजी एकदा म्हणाली, “निदान कुणावर रागावता आलं असतं.”

मी तिला प्रथम पाहिलं ते 1994 साली. दोन वर्षांपूर्वी दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले होते, आणि माझ्या हाती दोन किलो पोहे होते. दिमोना म्हणजे नेगेवच्या वाळवंटात 1955 साली वसवलेलं गाव. आजोबा तिथल्या कापडगिरणीत लागले होते. मुंबईतही ते गिरणीतच होते, त्यामुळे आजीच्या मते देश बदलला, भोंगा तोच राहिला. दुसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीबाहेर पिवळट माती, आणि स्वयंपाकघरात फरशीवर विळी आडवी घालून बसलेली नऊवारीतली एक बारीकशी बाई. हातात नारळाची कवड. खवणीवर कवड फिरवताना ती बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. पांढरा चव ताटलीत पडत होता आणि करवंटीच्या काळ्या सालीपर्यंत यायच्या आत, बरोब्बर एक फेरा आधी, हात आपोआप थांबत होता. माझी आईही अगदी तिथेच थांबते.

सैन्याच्या गणवेशातला मामेभाऊ आत आला आणि म्हणाला, “सव्ता!” हिब्रूत सव्ता म्हणजे आजी. पहिल्या नातवाने तशी हाक मारली तेव्हा आजीने म्हणे पातेलं खाली ठेवलं होतं. “मेल्या, सवत कुणाला म्हणतोस?” त्या दिवसापासून घरात फक्त आजी. एवढा एकच मराठी कायदा तिने त्या घरात चालवला, पण कडक चालवला.

सण मात्र तिने आपल्याच नावांनी पाळले. नातवंडं शाळेतून योम किप्पुर शिकून येत, आजीचा तो दारफाळणीचा सण. दारं लावून घ्यायची, कुणाकडे जायचं नाही. इस्राएलात त्या दिवशी रस्त्यावर गाडी फिरत नाही, म्हणून तिला तो सण तिथे जास्त पटला होता. तिशा बेआव म्हणजे बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक करून उपास सोडायचा तो मोड आलेल्या, सोललेल्या वालांच्या बिरड्याने. वाल सोलायला ती शेजारच्या मोरोक्कोच्या बाईला बसवायची. दोघींना एकमेकींची भाषा यायची नाही. वाल सोलायला भाषा लागते कशाला!

तिच्या गोष्टी मी रात्री ऐकल्या. कोकणातल्या नवगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. पुरुष सात आणि बायका सात वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली, ती तिथेच पुरली. पोथ्या बुडाल्या. प्रार्थना विसरल्या. उरलं एक ‘शेमा’, शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, आणि काय खायचं काय नाही. ही गोष्ट आमच्यात प्रत्येक घरात सांगतात. आजी मात्र सात पुरुषांना पहिल्याच वाक्यात बाजूला सारायची. “प्रार्थना पुरुषांच्या, त्या विसरल्या. खाणं बायकांचं, ते राहिलं.” मटणाच्या रश्शात आमच्याकडे दूधदही पडत नाही, नारळाचा रस पडतो. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हा मोझेसचा नियम, आणि तो कोकणात पाळायचा तर नारळाइतकी सोय दुसरी नाही. कुठल्या रब्बीने हे शिकवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट समाजी हसाजी दिवेकरांची. इंग्रजांच्या पलटणीतले, टिपूच्या कैदेत पडले. सुटले, आणि 1796 साली मुंबईत मांडवीला आमचं पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याला सगळे मशीदच म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं आमची माणसं आजही ठासून सांगतात. पण कैदेतून सुटले कसे? टिपूच्या आईने विचारलं, तुझी जात कोणती? बेने इस्राएल, असं ऐकल्यावर ती माउली म्हणाली, यांचं नाव आमच्या कुराणात आहे, याला मारू नका. खरं-खोटं इतिहासकारांनी बघावं. आजीला एवढंच पुरे होतं की एका बाईने विचारलं आणि तेवढ्यावर विश्वास ठेवला.

कारण तिलाही विचारलं होतं.

1962 साली इस्राएलमधल्या रब्बींकडून आदेश निघाला: बेने इस्राएल माणसाचं लग्न इतर ज्यू घरात लावायचं तर त्याच्या आईकडच्या पिढ्या, जमेल तितक्या मागे, तपासाव्यात. ज्यू धर्मात वंश आईकडून येतो. मोठ्या मामाचं एका इराकी घरातल्या मुलीशी ठरलं होतं. एका कचेरीत आजीला बसवलं. आईचं नाव? सांगितलं. आईच्या आईचं? सांगितलं. तिच्या आईचं? आजी अडखळली. तिच्या आईचं?

“मी म्हटलं, साहेब, नवगावला सात जणी उतरल्या. त्यांतली माझी कुठली, ते मला काय ठाऊक?”

दुभाष्याने ते हिब्रूत सांगितलंच नाही म्हणे.

1964 च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं. आजी एका दिवसासाठी गेली, चपात्या आणि बटाट्याची भाजी बांधून. संपाला डबा लागतो हे गिरणगावात राहिलेल्या बाईला सांगावं लागत नाही. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात भेद करू नये. मामाचं लग्न लागलं. मेंदी काढली, मलिदा झाला.

हे सगळं त्या निळ्या पत्रांत होतं. तीस वर्षांनी, दिमोनाहून ठाण्याला परतल्यावर, मी ट्रंकेतून ती पत्रं काढली. ‘आज मला माझ्या आईचं नाव सिद्ध करायला लावलं.’ ‘तुझ्याकडे परत यावंसं वाटतं, पण मुलं इथली झाली.’ हीच ती गाळलेली वाक्यं. आई म्हणाली, “तुम्हाला वाचून दाखवलं असतं तर मीच रडले असते. मग खोबऱ्याचं कोण बघणार होतं?”

आजी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी त्याच मामेभावाचा, आता त्यालाच नातू झालाय, आवाजी निरोप आला. नातवासाठी मलिद्याचा नवस होता, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा. आमच्या अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर हन्नाबीच्या रथाच्या खुणा आहेत, ही गोष्टही आजीचीच. त्याने यादी मोडक्या मराठीत वाचली: पोहे, गूल, नारल, केलं, खजूर. हिब्रूत ळ नाही. खजूर तिथलाच, उत्तम मिळतो. पोहे भारतीय दुकानात मिळाले. “पन भिजवायचे किती मिनित?”

मला माहीत नव्हतं. मिनिटं कुणी मोजली होती? आईला फोन दिला. तिने त्याला विचारलं, “बाबा, पोहे जाड आणलेस की पातळ?”