तेजस्विनी सावंत : एका लक्ष्यवेधाचा इतिहास



कॅम्पातल्या माणसाला गोळीबाराच्या आवाजाचे नवल वाटत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्यांच्या शेजारी आहे, त्यांनी तो आवाज पाळण्यातूनच ऐकलेला असतो. बंदूक म्हणजे पलटण आणि पलटण म्हणजे पुरुष, हे समीकरण आपल्या मनात घट्ट रुजले आहे. म्हणूनच की काय, निपाणीच्या पलीकडे, कोल्हापुरात, एका मुलीने रायफल हाती घेतली आणि ती जगात पहिली आली, याची म्हणावी तशी दखल आपण सीमाभागातल्या लोकांनी घेतली नाही. आयुष्यभर अलंकार आणि वृत्ते शिकविलेल्या माणसाने आज त्या विषयावर बोलावे, हा अतिप्रसंग आपण सहन करावा.

तेजस्विनी सावंत यांचा जन्म १२ सप्टेंबर १९८० चा. कोल्हापूरची कीर्ती तालमींची आणि कुस्तीची. त्या गावात जयसिंग कुसाळे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नेमबाजीचे धडे घेतले. २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी एअर रायफलमध्ये वैयक्तिक आणि, अवनीत कौर सिद्धू यांच्यासमवेत, सांघिक अशी दोन सुवर्णपदके मिळविली. मात्र त्यांच्या कारकिर्दीचे खरे शिखर म्हणजे ८ ऑगस्ट २०१०. म्युनिकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५० मीटर अंतरावरून, पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात, ज्याला नेमबाज ‘प्रोन’ म्हणतात, त्यांनी ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली. दहा गुणांचे मधले वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. साठ गोळ्यांत गमावले अवघे तीन गुण! जागतिक अजिंक्यपद मिळविणारी ही पहिली भारतीय महिला नेमबाज. त्याच वर्षी त्यांचे पितृछत्र हरपले होते. २०११ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

येथे एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या प्रकारात त्या जगात पहिल्या आल्या, तो प्रकार स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये नव्हताच. पुरुषांसाठी होता, २०१२ आणि २०१६ सालीही होता. द्रौपदीस्वयंवरात मत्स्यवेध पुरुषाने करायचा आणि स्त्रीने पण म्हणून उभे राहायचे, ही कथा आपण जुनी समजतो. ती तितकीशी जुनी नाही, असे मला वाटते. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकपासून पुरुषांचाही प्रोन वगळण्यात आला. समता अशा वाटेनेही येते, एवढेच म्हणतो.

तुलनेसाठी स्कॉटलंडच्या व्यावसायिक गोल्फपटू कॅट्रिओना मॅथ्यू यांचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांनी २००९ ची महिलांची ब्रिटिश ओपन जिंकली. ती स्पर्धाच व्यावसायिक महिला गोल्फमधील सर्वोच्च स्पर्धांपैकी एक असल्याने त्या विजयाला आणखी कोणाच्या शिक्क्याची गरज उरली नाही. सावंतांच्या विश्वविजेतेपदाला मात्र आपल्याकडे नेहमी पुढचा प्रश्न चिकटलेला असे : ऑलिंपिकचे काय?

त्याचे उत्तर शोधायचे तर ५० मीटर रायफलमध्ये एकच मार्ग होता. पालथे पडून, गुडघ्यावर बसून आणि उभे राहून, अशा तिन्ही स्थितींत नेम धरण्याचा प्रकार ऑलिंपिकमध्ये होता. त्यात स्थान मिळवायचे. लंडन गेले, रिओ गेले. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, ३७ व्या वर्षी, त्यांनी प्रोनमध्ये रौप्य आणि तीन स्थितींच्या प्रकारात सुवर्ण मिळविले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात दोहा येथील आशियाई स्पर्धेत त्या चौथ्या आल्या. पदक हुकले, परंतु त्या चौथ्या क्रमांकाने भारताला ऑलिंपिकची एक जागा मिळवून दिली. माझ्या लेखी म्युनिकच्या सुवर्णाखालोखाल हीच त्यांची मोठी कमाई होय.

मग महामारीमुळे स्पर्धाच वर्षभर पुढे गेली. ३१ जुलै २०२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तेजस्विनी सावंत आपल्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये उभ्या राहिल्या. म्युनिकनंतर अकरा वर्षांनी. १२० गोळ्या झाडून त्या ३३ व्या आल्या. कारकिर्दीची कोष्टके तयार करणारे हा आकडा बहुधा गाळतात. मी तो ५९७ च्या शेजारी, या पुस्तिकेत, मुद्दाम नोंदवून ठेवीत आहे.