वास्तूवरील कारागिराचा बोजा

पैलू पाडण्यासाठीं सोंपविलेला हिरा मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्यास आपल्यापाशीं ठेवतां येतो. हिंदुस्थानांतील १८७२ च्या कराराच्या कायद्यांत, १७० व्या कलमाखालीं, हाच दाखला दिलेला आहे. गवंड्याची स्थिति मात्र निराळी. वीट एकदां भिंतींत बसली, कीं ती जमिनीचा भाग होते. आणि जमीन तर दुसऱ्याची! इंग्लंडच्या जुन्या कायद्यानें या अडचणींतून कारागिरास वाट दिली नाहीं. ती अमेरिकेंत निघाली, आणि तीहि एका राजधानीच्या निकडीमुळें.

१७९० सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें पोटोमॅक नदीच्या कांठीं नवी राजधानी वसविण्याचें ठरविलें. दहा वर्षांत सरकारचा मुक्काम तेथें हलावयाचा होता. खजिन्यांत द्रव्य थोडें. म्हणून भूखंड विकावे आणि घेणारांनीं घरें बांधावीं, अशी योजना होती. परंतु परक्याच्या भूमीवर पदरचा चुना, विटा आणि लांकूड कोणता कारागीर घालील? मालकाचें दिवाळें निघाल्यास त्याच्या हातीं काय उरणार?

जागा अद्याप मेरिलंड संस्थानाच्या कायद्याखालीं होती. तेथील विधिमंडळानें डिसेंबर १७९१ मध्यें एक कायदा करून, वॉशिंग्टन शहरांत लेखी करारानें घर बांधणाऱ्यांस आपल्या कामाच्या व पुरविलेल्या सामानाच्या येण्यापोटीं त्या घरावर व त्याखालील भूमीवर बोजा दिला. अट एवढीच कीं, करार अधिकाऱ्यासमोर कबूल करून त्याची मुदतींत नोंद व्हावी. अशा रीतीनें कर्ज माणसास न चिकटतां वास्तूस चिकटलें.

ही कल्पना लवकरच पसरली. १८०३ सालीं पेनसिल्व्हानियानें फिलाडेल्फिया व लगतच्या वस्तीकरितां असाच कायदा केला. पुढें इतर संस्थानांनींहि तोच मार्ग धरला. मालकाशीं प्रत्यक्ष करार नसलेले पोटमक्तेदार आणि लांकूड, लोखंड पुरविणारे व्यापारीहि बहुतेक ठिकाणीं या छत्राखालीं आले. सरकारी इमारतींवर मात्र असा बोजा बसत नाहीं. कारण त्या लिलावांत काढतां येत नाहींत. त्यासाठीं मध्यवर्ती सरकारनें १८९४ व १९३५ च्या कायद्यांन्वयें मक्तेदाराकडून जामीनरोखा घेण्याची सक्ती केली.

तथापि या इतिहासास एक काळी किनार आहे. जी राजधानी वसविण्यासाठीं हा कायदा जन्मला, तिच्यांतील राष्ट्राध्यक्षांचें निवासस्थान आणि कॅपिटल यांच्या कामावर नीग्रो गुलाम भाड्यानें राबत होते. त्यांच्या श्रमाचा मोबदला त्यांच्या धन्यांच्या हातीं पडे. ज्यास करारच करतां येत नव्हता, त्यास बोजा कोठून मिळणार? घामाचें मोल भूमीवर लिहितां येतें, हें १७९१ च्या कायद्यानें दाखविलें. परंतु तें कोणाच्या नांवें लिहावयाचें, हा प्रश्न त्यानें तसाच ठेविला.