कृष्णाकाठचा भूगर्भीय गारवा : लिंबची विहीर व हरिपूरची पेवे

भूमीच्या पोटातील स्थिर तापमानाचा उपयोग करून निवासस्थान हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात शीतल राखण्याची विद्या ही शीत कटिबंधातील राष्ट्रांची निर्मिती होय, असे सामान्यतः समजले जाते. यंत्रविद्येपुरते पाहिल्यास हे मत बरोबर आहे. परंतु ज्या तत्त्वावर ती यंत्रे चालतात त्याचा व्यवहारातील उपयोग दक्षिणेत यंत्रावाचून होत आला आहे. सातारा व सांगली या प्रदेशात या उपयोगाची दोन ठळक उदाहरणे आढळतात. एक राजघराण्यातील व्यक्तीच्या विश्रांतीशी व बागायतीशी निगडित आहे, तर दुसरे हळदीच्या व्यापाराशी. या दोहोंच्या तौलनिक विचारातून तत्त्वाचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही स्पष्ट होतात.

प्रथम तत्त्वाचा इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोलीवर असलेल्या तळघरात अठराव्या शतकाच्या अखेरीस तापमापक ठेवण्यात आला. ऋतू बदलले तरी त्याचा पारा ११.७ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहिला. पुढे १८३७ मध्ये जेम्स फोर्ब्स या भौतिकशास्त्रज्ञाने एडिंबरो येथे ३, ६, १२ व २४ फ्रेंच फूट खोलीवर तापमापक पुरून दीर्घकाळ नोंदी घेण्यास आरंभ केला. त्यांपैकी कॅल्टन टेकडीवरील जागा ट्रॅप खडकाची, म्हणजे दख्खनच्या कातळाशी जातीने जवळच्या खडकाची होती. या नोंदींचे गणित विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्विन, याने १८६० मध्ये मांडले. पृष्ठभागावरील उन्हाची लाट जसजशी खाली उतरते, तसतशी ती क्षीण होत जाते व तिला विलंबही होत जातो. २४ फ्रेंच फुटांवर, म्हणजे सुमारे साडेपंचवीस इंग्रजी फुटांवर, तो विलंब जवळजवळ सहा महिन्यांचा असतो. तेथे उन्हाळ्याची ऊब ऐन हिवाळ्यात पोहोचते, आणि तीही अगदी अल्प प्रमाणात.

उष्णता खालच्या तापमानाकडून वरच्या तापमानाकडे यंत्राने नेता येते, ही कल्पना याच टॉमसनने १८५२ मध्ये मांडली होती. जमिनीलाच उष्णतेचा साठा मानून अशा यंत्राची योजना करण्याचे स्वामित्वपत्र हाइन्रिश त्सोली या स्विस अभियंत्याच्या नावे १९१२ चे आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर स्वीडनसारख्या देशांत या उष्मापंपांचा घरोघरी प्रसार झाला. त्या देशांत भूमीचे तापमान कमी असते. ते गोठणाऱ्या हवेपेक्षा अधिक खरे, परंतु घराला पुरेसे नव्हे. म्हणून पंप अपरिहार्य ठरतो.

कृष्णाखोऱ्यातील स्थिती याच्या उलट आहे. काही मीटर खोलीवरील भूमीचे तापमान त्या स्थळाच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास राहते, आणि सांगलीकडील सरासरी पंचवीस अंशांच्या आसपास आहे. वैशाखातील दुपारी हवा अडतीस-चाळीस अंशांपर्यंत तापते, तेव्हा हा फरक मनुष्याला विनासायास गारवा देण्यास पुरेसा असतो. थंड देशांत भूमीकडून जे यंत्राने मिळवावे लागते, ते येथे केवळ खोल उतरल्याने लाभते. या उथळ स्थैर्याची व भूगर्भातील खोल उष्णतेची गल्लत मात्र करू नये. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोलीपर्यंत पूर्ण झालेल्या छिद्राने सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा कातळ भेदून खालचा ग्रॅनाइट गाठला. तेथील उष्णता पृथ्वीच्या अंतरंगातून येते. विहिरी व पेवांचा गारवा हा सूर्याच्या उष्णतेचा वार्षिक जमाखर्च होय.

पहिले उदाहरण साताऱ्यानजीकच्या लिंब येथील, शेरेवाडीच्या हद्दीतील बारा मोटांच्या विहिरीचे. शाहू महाराजांच्या परिवारात राणीच्या बरोबरीचा मान असलेल्या विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, या काळात ती बांधविली, हे तेथील शिलालेखावरून कळते. मुख्य विहीर अष्टकोनी असून तिला चौकोनी विहीर जोडलेली आहे. खोली सुमारे ११० फूट व व्यास सुमारे ५० फूट सांगितला जातो. बांधकाम घडीव काळ्या पाषाणाचे आहे. दोन्ही विहिरींच्या मधल्या कमानीवर एक छोटा महाल उभारला आहे, आणि या वास्तूचे खरे वैशिष्ट्य त्यातच आहे. मोटा आमराईला पाणी पुरवीत, तर महाल वसतीला शीतलता पुरवी. पाषाणाच्या जाड भिंतींना भूमीचा आधार आहे, आणि जड थंड हवा विहिरीच्या पोटात साचून राहते. येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. या गारव्याचा काही भाग पाण्याच्या बाष्पीभवनाचा आहे, सर्वच भूमीचा नव्हे. म्हणून लिंबचे उदाहरण मिश्र स्वरूपाचे मानावे लागते.

शुद्ध उदाहरण हरिपूरचे. कृष्णा व वारणा यांच्या संगमावरील या गावी व परिसरात हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे खोदलेली होती. पेवाचे तोंड माणूस उतरेल एवढेच अरुंद, पोट विस्तृत व खोली साधारण २० ते २५ फूट असे. शिजवून वाळविलेली हळद आत भरण्यापूर्वी तळाशी व कडेने कोरड्या पाल्याचा थर देत, आणि तोंड दगडाने व मातीने लिंपून बंद करीत. अशा स्थितीत हळद काही वर्षे रंग व प्रत न गमावता राहते. बंद पेवात प्राणवायू क्षीण होत असल्याने किडीची वाढ खुंटते. म्हणूनच पेव उघडताच आत उतरणे जिवावर बेतते, हे ज्ञान त्या धंद्यातील लोकांना पिढीजात होते. भाव पडला असता माल रोखून धरण्याची शक्ती शेतकऱ्यास व व्यापाऱ्यास या पेवांनी दिली. सांगलीच्या हळदपेठेच्या लौकिकामागे जमिनीचा हा गुण उभा आहे. विपुलतेसाठी मराठीत 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार रूढ व्हावा, यावरून या साठवणीचे लोकजीवनातील स्थान दिसते.

फोर्ब्सने ऋतुलहरीचा सहा महिन्यांचा विलंब ज्या खोलीवर नोंदविला, जवळजवळ तीच खोली हरिपूरच्या खोदणाऱ्यांनी निवडली. मातीत व कातळात आकडे थोडे भिन्न येतील, पण नियम एकच आहे. तथापि या साम्यावरून त्यांना उष्णतेचे गणित ज्ञात होते असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल. पेवाची खोली मातीची धारणशक्ती, भूजलाची पातळी व मजुराची सोय यांनीही ठरते. कराडनजीकच्या आगाशिव डोंगरातील बौद्ध लेण्यांत आज गारवा जाणवतो, म्हणून ती गारव्यासाठी कोरली असे म्हणता येत नाही, तद्वतच हेही. अनुभवाने जे टिकले ते परंपरा झाले, एवढेच प्रतिपादन पुराव्याला धरून आहे.

आता मर्यादेचा विचार. पेवाचा शत्रू उष्णता नव्हे, पाणी होय. ज्या संगमाच्या गाळाने पेवांना योग्य माती दिली, त्याच संगमाने त्यांचा घात केला. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरून मालाची व पेवांची हानी झाली. त्यानंतर साठवण गोदामांकडे व विजेवर चालणाऱ्या शीतगृहांकडे वळली. २०१८ मध्ये 'सांगलीची हळद' या नावास भौगोलिक मानांकन लाभले. नावाला संरक्षण मिळाले, तेव्हा त्या नावामागील साठवणपद्धती मात्र मागे पडत होती.

या इतिहासाचा निष्कर्ष असा की, पेवांचा ऱ्हास तत्त्वाच्या अपयशाने झालेला नाही. तो जागेच्या निवडीने व नदीच्या वर्तनाने झाला आहे. हेच तत्त्व पूररेषेबाहेरील कोरड्या, उंच जमिनीत आजही तितकेच खरे आहे, आणि उष्मापंपाची जोड मिळाल्यास ते घरांच्या शीतकरणासही लागू पडते. मात्र त्या विचारासाठी प्रत्यक्ष आकडे हवेत : कोणत्या खोलीवर, कोणत्या मातीत, वैशाखात व पौषात किती तापमान राहते. शिल्लक राहिलेली पेवे हीच त्या मोजमापाची तयार साधने आहेत. ती बुजण्यापूर्वी वर्षभर त्यांत तापमापक उतरविणे हे इतिहास व भूगोल या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांपुढील निकडीचे कार्य होय.